सहास पाच

अभिराम मिरजेहून अ‍ॅक्रनला आला
तेव्हा त्याच्या बॅगेत लोणच्याची बरणी नव्हती.
जुन्या सतरंजीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर होता
आणि अण्णांची चिठ्ठी:
झाकणाची बिजागरी ढिली आहे.
बाकी माझ्यापेक्षा बरा चालतो.

ट्रान्सफॉर्मर आणला. एकशे दहाचे दोनशे वीस केले.
लाल दिवा लागला, तबकडी फिरली,
आणि आमचे भारदस्त बुवा गायला लागले
शाळा सुटल्यावर जिना उतरणाऱ्या पोरासारखे.

मी फोन स्पीकरपाशी धरला.
इथे रात्रीचे दहा, तिकडे सकाळ,
अण्णांच्या कपबशीचा आवाज येत होता.
तो थांबला.
"पट्टी चढलीय," ते म्हणाले.
"काळी एकचा माणूस पांढरी तीनवर जाऊन बसलाय.
त्याचा सा कोमल गंधार झालाय, बेबी.
तुमच्याकडची वीज घाईत असते वाटतं."

तंबोऱ्यांची जवारी काढण्यात
साठ वर्षं गेलेला कान तो.
हर्ट्झ हा शब्द त्याने ऐकलेला नाही.
पण वीज खरंच घाईत होती.
तिकडे सेकंदाला पन्नास ठोके, इथे साठ.
ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो,
ठेका बदलत नाही.
एकतीस वर्षं झाली मला इथे येऊन,
भिंतीतल्या त्या भोकांतही देश बदलतो
हे कुणी सांगितलं नव्हतं.

समोरचा लेनर्ड हॉरव्हाथ
टायरच्या कारखान्यात साचे घडवायचा.
गॅरेजमध्ये अजून त्याची लेथ आहे,
कॉफीच्या डब्यांतून मापाने लावलेले स्क्रू आहेत.
त्याने मोटरवरची पितळी पुली उपसली,
कॅलिपरच्या चिमटीत धरली. बारा मिलिमीटर.
पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलं: साठ, पन्नास.
मग खोडून: सहा, पाच.
"दहा हवी," म्हणाला.

सहास पाच.
म्हणजे षड्जापासून कोमल गंधार, तंतोतंत.
एकाने कॅलिपर कधी हातात धरला नाही,
दुसऱ्याने गंधार ऐकला नाही,
आणि दोघांचं उत्तर एकच.
मी हे त्याला सांगायला गेले, पण लेथ सुरू झाली होती.
पितळेचा कुरळा कीस माझ्या चपलेवर पडत राहिला.

रविवारी स्वयंपाकघरातल्या जुन्या ट्यूबखाली
त्याने कागदी चकती ठेवली, दोनशे सोळा रेघांची.
वेग बरोबर असला
की फिरत्या रेघा उभ्या दिसतात.
आमच्या उभ्या राहिनात.
मागे सरकत होत्या, मुंगीच्या पावलांनी.
हॉरव्हाथने एक शिवी दिली आणि लगेच माफी मागितली.
"केसभर जास्त कापलं गेलं."
मग सेलोटेप. पुलीला एकच वेढा, नखाने दाबून.

रेघा थबकल्या.
ताट फिरतंय आणि त्यावर काहीच हलत नाही.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
कुकरची शिट्टी झाली तरी.

आता ही तबकडी मला का हवी होती ते सांगते.
बुवांसाठी नाही.
त्यांनी तोंड उघडायच्या आधी
चार सेकंद नुसता तंबोरा आहे,
आणि तो अण्णांच्या हातचा आहे.
कव्हरवर त्यांचं नाव नाही. असायचं कारणही नाही.
घाईच्या विजेवर त्या चारांचे साडेतीनही उरत नव्हते.

सुई टेकवली.
खरखर, आणि मग ते.
मिरजेत पहाटेचे तीन वाजले होते, फोन केला नाही.

हॉरव्हाथ टोपी हातात धरून उभा होता.
बुवांनी सा लावला तशी मी सुई उचलली.
"का गं? गाणं आत्ता तर सुरू झालं," तो म्हणाला.
मी सुई पुन्हा कडेला नेली.
या वेळी त्याने मनगट वर केलं
आणि घड्याळाकडे बघत
ओठांतल्या ओठांत मोजलं,
चारपर्यंत.